एमएच कुठलं

जानेवारी २०२१ मध्ये कोविडमुळे इथे आयर्लंडमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी होती. नवरा नावन गावातल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, मी घरून काम करणारी सॉफ्टवेअरवाली, आणि दोघांत एकच गाडी. त्या दुपारी त्याला आणायला निघाले होते. पेट्रोल पंपापाशी गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, नाकाबंदी लावली होती. एक तरुण गार्डा पुढे आला, वाकून माझ्या नंबर प्लेटकडे बघितलं आणि म्हणाला, "घरापासून फार लांब आलात."

मला कळेना. घर तर दीड किलोमीटरवर होतं. मी तसं सांगितल्यावर तो म्हणाला, "गाडी गॉलवेची आहे ना?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इथल्या प्लेटवर आधी वर्ष, मग काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची अक्षरं, मग नंबर. आमच्या गाडीवर गॉलवेचा जी होता. नवऱ्याची बदली झाल्यावर २०२०च्या जुलैत आम्ही गॉलवेहून नावनला राहायला आलो, पण प्लेट गाडीबरोबर जन्मभर राहते, माणसाने घर बदललं म्हणून बदलत नाही. मी विजेचं बिल दाखवलं. तो ओशाळला, म्हणाला, "ग्रँड, ग्रँड, जा तुम्ही." मी निघाले, पण हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये नवऱ्याची वाट बघत असताना खाली उतरून स्वतःचीच प्लेट नीट वाचली. सहा वर्षं ती गाडी चालवत होते. नंबरच्या वर बारीक अक्षरांत आयरिशमध्ये गॉलवेचं नाव लिहिलेलं असतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मग शेजारच्या गाड्या वाचल्या. नवरा बाहेर आला तेव्हा मी पाचव्या गाडीपुढे वाकलेली होते.

"काय हरवलं?" त्याने विचारलं.

"काही नाही. तुला माहीत होतं वर आयरिश लिहिलेलं असतं?"

"नाही," तो म्हणाला. "घरी चल. चौदा तास झालेत मला उभा राहून."

गाडी तशीही म्हातारी झाली होती आणि आम्ही डिसेंबरातच नवी सांगून ठेवली होती. शोरूम बंद होतं, सगळा व्यवहार फोनवर. दोन दिवसांनी विक्रेत्याचा फोन आला. पत्ता पुन्हा एकदा विचारून तो म्हणाला, "म्हणजे मीथ काउंटीची नोंदणी. एमएच."

मी म्हटलं, "काय?"

"एमएच. मीथची अक्षरं."

मी हसायला लागले. त्याला वाटलं, लाइन खराब आहे. मग मी त्याला सांगितलं की आमच्या राज्याच्या सगळ्या गाड्यांवर हीच दोन अक्षरं असतात आणि मी त्यांच्यामागे पळत, त्यांच्या धुरात खोकत लहानाची मोठी झाले. तो मनापासून म्हणाला, "मग तुम्ही तर घरीच आलात." पुढे म्हणाला की अक्षरं काही बदलता येत नाहीत, पण वेगळी फी भरली तर नंबर आपल्या पसंतीचा मागता येतो. "लोक वाढदिवस घेतात, फोनचे आकडे घेतात. तुमच्या मनात काही असेल तर आठवड्याभरात कळवा."

माझ्या मनात काहीच नव्हतं. फोन ठेवल्यापासून मात्र डोक्यात तेवढंच.

संध्याकाळी मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते अकोल्याच्या आरटीओत कारकून होते, तेहतीस वर्षं. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी रस्त्याने जाताना त्यांचं लक्ष आधी प्लेटवर जातं, मग माणसावर. ते २०२०च्या उन्हाळ्यात आमच्याकडे येणार होते. तिकीट काढलेलं होतं, मग विमानंच थांबली. मी पुण्याला शिकायला गेले तेव्हाच माझी बोली बदलली, बाबांची तसूभरही नाही.

"बाबा, आमच्या नव्या गाडीचा नंबर एमएच आहे."

"तुमच्याकडं?" त्यांनी चष्मा वर केला. "तिकडं एमएच काहून राहीन वं?"

मी सगळं समजावलं. त्यांनी माझ्याकडून वर्ष, काउंटी, क्रमांक अशी रचना दोनदा वदवून घेतली, वहीच्या मागच्या पानावर लिहिली आणि म्हणाले, "वर्ष अगोदर टाकतात हे चांगलं आहे. गाडीचं वय लपत नाही." मग चॉइस नंबरचं कळलं तसा त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या टेबलासमोर नवाच्या बेरजेसाठी भांडणारे, एकच आकडा चारदा मागणारे, साहेबांची चिठ्ठी घेऊन येणारे लोक तेहतीस वर्षं उभे राहिले होते. आमच्या स्कूटरला त्यांनी रजिस्टरात पुढचा जो नंबर होता तोच घेतला होता. आईने एकदा विचारलंसुद्धा होतं की घरचा माणूस ऑफिसात असून इतका ओबडधोबड नंबर कसा.

"तुले कायले पाहिजे चॉइस नंबर?" ते म्हणाले.

"कुतूहल हो, बाबा."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "घ्यायचाच असंल तर त्या गावाचा घे. आपला जन्मदिवस तर आपल्या ध्यानात राहतेच. त्या गावाचं काय आहे, ते पाहून घे."

त्या गावाचं काय आहे, ते मला माहीत नव्हतं. सहा महिन्यांत मी सुपरमार्केट, हॉस्पिटल आणि लेकीची शाळा एवढंच नावन बघितलं होतं.

लेक तेव्हा दहा वर्षांची होती. शाळा बंद होत्या आणि तिला घरबसल्या एक प्रकल्प दिला होता: आपल्या परिसराचा वारसा. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं, तेही पक्क्या आयरिश हेलात. नकाशावर कंपासने पाच किलोमीटरचं वर्तुळ काढून ती बसली होती. तारा टेकडी, जिथे जुन्या काळी राजांचे अभिषेक व्हायचे म्हणतात, ती वर्तुळाच्या बाहेर. आत होते नदीकाठचे पडके किल्ले आणि एक गोल मनोरा. रविवारी आम्ही दोघी चालत मनोऱ्यापर्यंत गेलो. आजूबाजूला थडगी, मधोमध दगडी नळकांड्यासारखा उंच मनोरा, आणि त्याचा दरवाजा जमिनीपासून माणसाच्या दुप्पट उंचीवर.

"आत कसे जायचे?" मी विचारलं.

"शिडी," ती म्हणाली. "आणि मग शिडी वर ओढून घ्यायची." तिने दरवाजापर्यंतच्या दगडांचे थर मोजायला सुरुवात केली. तीनदा मोजले, तिन्ही वेळा वेगळा आकडा आला, कारण थर सरळ नव्हते. "या नंबरवर भरवसा नाही," तिने वहीत लिहिलं.

परत येताना शेजारचे आजोबा त्यांच्या फाटकाशी उभे होते. सत्तरी ओलांडलेले, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, मुलं ऑस्ट्रेलियात. त्या सहा महिन्यांत आमची त्यांची ओळख कुंपणाच्या दोन बाजूंनीच झाली होती. मी भाकरी केली की झाकून भिंतीवर ठेवायचे, ते अंडी ठेवायचे. त्यांचं एकेकाळी गॅरेज होतं एवढंच मला ठाऊक होतं. मी सहज म्हटलं, गाडीसाठी नंबर शोधतेय, या गावाचं काही त्यात असावं असं वाटतं.

"थांबा इथेच," ते म्हणाले आणि मागच्या शेडमध्ये गेले.

बराच वेळ खडखडाट ऐकू येत होता. मग ते काळ्या पत्र्यांची चळत घेऊन आले आणि आमच्या सामाईक भिंतीवर एकेक पत्रा पत्त्यांसारखा मांडत गेले. जुन्या नंबर प्लेट. काळ्यावर पांढरी अक्षरं, झेड एन आणि पुढे आकडे. आताची पद्धत यायच्या आधी मीथची अक्षरं ती होती. आणि त्या छापलेल्या नव्हत्या, हाताने रंगवलेल्या होत्या.

"ह्या तुम्ही केल्यात?"

"मामाच्या गॅरेजात शिकलो. तेव्हा गाडीची नोंदणी झाली की माणूस कागद घेऊन आमच्याकडे यायचा. पत्रा कापायचा, रंगवायचा, वाळवायचा." त्यांनी एका पाचावर बोट ठेवलं. "पाचाची टोपी सपाट असली पाहिजे. आठ सगळ्यात अवघड, वरचं पोट लहान ठेवायचं, नाहीतर आकडा पुढे पडल्यासारखा दिसतो. या गावातल्या निम्म्या ट्रॅक्टरांचे आठ माझे आहेत."

लेक एरवी पाहुण्यांसमोर गप्प असते. त्या दिवशी ती भिंतीला चिकटून उभी राहिली. तिने त्यांना विचारलं, मीथ म्हणजे काय. ते म्हणाले, मधलं. मग एकदम तिची ट्यूब पेटली आणि ती भराभरा सांगायला लागली, अर्धं त्यांना, अर्धं मला. आयरिशमध्ये प्रांताला जो शब्द आहे, कूइगे, त्याचा अर्थ पाचवा हिस्सा. पण शाळेत प्रांत शिकवतात चारच. तिने बाईंना विचारलं होतं, मग पाचवा कुठे गेला, आणि बाई म्हणाल्या होत्या, शोधून काढ.

"तू त्याच्यावर उभी आहेस," आजोबा म्हणाले. "मीथ होतं पाचवं. चौघांच्या मधलं. मग चौघांनी ते गिळलं."

मी जेवणानंतर लॅपटॉप उघडून बसले. मीथचं आयरिश नाव 'मी'. जुनं रूप 'मिदे' असं काहीतरी, आणि शब्दांचे जाणकार त्याचं नातं आपल्या 'मध्य'शी जोडतात. पाचाला 'कूइग', त्याचंही नातं म्हणे 'पंच'पर्यंत जातं. मी नवऱ्याला हाक मारून हे सांगितलं. तो भांडी प्रेसमध्ये लावत होता. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आमच्या घरातही आता कोणी कपाट म्हणत नाही.

"म्हणजे आपण 'मी' नावाच्या काउंटीत राहतो," तो म्हणाला.

"आणि नंबर पाच घ्यायचा."

"घे. पण चिखलात कोणाला दिसणार आहे तो?"

दुसऱ्या दिवशी मी विक्रेत्याला पाच सांगितला. तो हसला. एक आकडी नंबर कधीच गेलेले असतात, म्हणाला, पंचावन्न बघू का? मी हो म्हटलं. संध्याकाळी ही बातमी भिंतीपलीकडे दिली तेव्हा आजोबांनी नुसती मान हलवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

"सांगा ना."

त्यांना जड जात होतं. "बघा, तुमची गाडी, तुमचा नंबर. पण इथे कोणी नंबर मागून घेतला की लोक म्हणतात, याला नोशन्स आहेत."

नोशन्स हा शब्द मी ऑफिसात ऐकला होता. माणूस स्वतःला जरा जास्तच समजायला लागला, त्याला शिंगं फुटली, की आयरिश लोक तेवढा एकच शब्द वापरतात. मी घरात आले आणि खिडकीपाशी बसून राहिले. खरं म्हणजे मला नंबर कशासाठी हवा होता? गार्डाने मला परकं धरलं ते बोचलं होतं, म्हणून मला गावाचं काहीतरी अंगावर घालून मिरवायचं होतं. आणि मिरवणं हीच गोष्ट या गावात परकी होती. बाबा आणि हे आजोबा एकमेकांना कधी भेटलेले नव्हते, पण दोघांनी मला सांगितलं एकच.

पंचावन्नही मिळाला नाही. कुणीतरी आधीच राखून ठेवला होता. विक्रेत्याने आणखी तीन पर्याय सुचवले. मी म्हटलं, राहू दे, रांगेत जो येईल तो द्या. तो म्हणाला, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." फोन ठेवल्यावर हलकं वाटलं, आणि थोडी हळहळही. लेक मात्र दोन तास माझ्याशी बोलली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी गाडी दारात आली. वर बारीक अक्षरांत 'अन वी' लिहिलेलं, मीथचं नाव असं लिहितात, उच्चारात म-चा व होतो, हे लेकीने रुसवा सोडून समजावलं. नंबर चार आकडी, कशाशीच संबंध नसलेला. मी फोटो बाबांना पाठवला. पाच मिनिटांत फोन आला.

"बेरीज केली मी," ते म्हणाले. "चवदा. एक आन् चार, पाच. आला न् तुह्या पोरीचा पाच."

"बाबा, तुम्ही तर बेरीज करणाऱ्यांना हसायचे."

"ते ऑफिसात," ते म्हणाले. "घरी करते माणूस."

त्याच आठवड्यात पुन्हा नाकाबंदी लागली. गार्डा वेगळा होता. त्याने प्लेटकडे एक नजर टाकली आणि हाताने पुढे जायची खूण केली, काही विचारलंच नाही. मला जरा चुकल्यासारखं वाटलं. मी विजेचं बिल काढून मांडीवर तयार ठेवलं होतं.

मार्चमध्ये एका शनिवारी आजोबांनी भिंतीवरून हाक मारली. त्यांना आमच्याकडचे आकडे बघायचे होते, लेकीने सांगितलं होतं म्हणे की ते वेगळे असतात. मी कागदावर एक ते नऊ लिहून दिले. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि पाचावर थांबले. "हा कुठून सुरू करायचा?"

मला पटकन सांगता येईना. मी हवेत बोट फिरवून बघितलं. शेवटी बाबांना कॉल लावला आणि फोन भिंतीवर विटेला टेकवून ठेवला. बाबांचं इंग्रजी सरकारी अर्जातलं. त्यांनी "रिस्पेक्टेड सर" अशी सुरुवात केली. आजोबांनी टोपी काढली. मग पुढचा अर्धा तास आम्हाला कोणी विचारलं नाही. बाबांनी वहीत मोठा ५ काढून, पेन कुठे टेकवायचं, वळसा कुठे घ्यायचा ते दाखवलं. आजोबांनी ब्रश दाखवला, खारीच्या केसांचा. बाबांनी विचारलं, पत्र्यावर पहिला हात कशाचा. आजोबांचा उच्चार बाबांना कळत नव्हता, बाबांचा आजोबांना, मधे लेक दुभाषी. ती पहिल्यांदाच सलग मराठी बोलली, कारण बाबांना तिचं इंग्रजी समजेना.

दहा दिवसांनी भिंतीवर एक काळा पत्रा वाळत ठेवलेला दिसला. त्यावर एमएच आणि देवनागरीत ५. टोपी सपाट नव्हती, वळसा बाबांनी दाखवला तसाच.

मी फोटो पाठवला. बाबा खूष झाले, पण लगेच कारकून जागा झाला. "हे गाडीले लावू नका बरं. रोडवर चालत नाही."

आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मीही तेच सांगणार होतो. बेकायदा आहे." पत्रा आमच्या शेडच्या दारावर गेला.

एप्रिलच्या मध्यावर काउंटीभर फिरायला परवानगी मिळाली. पहिल्याच रविवारी आम्ही ताराला निघालो. आजोबा पुढे त्यांच्या गाडीत, रस्ता दाखवायला, आणि ताशी चाळीसच्या वर जाईनात. टेकडी म्हणजे हिरवे उंचवटे, खंदकांची वर्तुळं आणि मेंढ्या, बाकी काही नाही. नवरा म्हणाला, "एवढंच?" पण वर उभं राहिल्यावर चारही बाजूंना इतका मुलूख दिसतो की तोही गोल फिरून बघायला लागला. लेकीने आजोबांना विचारलं, नेमका मध्य कुठे. ते म्हणाले, वडिलांनी एक जागा दाखवली होती, पण तेव्हा माझं लक्ष मेंढ्यांकडे होतं. दोघं बराच वेळ जागा शोधत हिंडले. मग ओल्या गवतावर चादर टाकून आम्ही डबे उघडले, अंतर ठेवून.

आजोबांनी धपाटा खात मला विचारलं, "आणि तुमच्या गावाच्या नावाचा अर्थ काय?"

"अकोला?" मी म्हटलं. अठरा वर्षं मी त्या गावात काढली, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. "माहीत नाही," मी कबूल केलं.

"विचारा कोणाला तरी," ते म्हणाले.

घरी येऊन बाबांना विचारलं. तिकडे ते दिवस वाईट होते. बाबा दाराबाहेर पडत नव्हते, रोज कोणाची ना कोणाची बातमी यायची. मला वाटलं, हे आता काय विचारतेय मी. पण ते म्हणाले, "थांब, मले बी नक्की नाही माहीत. विचारतो."

चार दिवस काही कळलं नाही. मग अकरा मिनिटांचा एक आवाजी निरोप आला. त्यांनी ऑफिसातल्या जुन्या मित्रांना एकेकाला फोन केले होते. एकाने एक गोष्ट सांगितली होती, दुसऱ्याने तिला खोटं पाडून दुसरी, तिसऱ्याने झाडावरून नाव पडलं असं ठामपणे सांगितलं होतं. चौथा मित्र दवाखान्यात होता, तो आता घरी आला होता आणि त्याला बोलताना दम लागत होता, म्हणून त्याची गोष्ट अर्धीच राहिली होती. "उद्या उरलेली विचारतो त्याले," बाबा म्हणत होते, मागे पंख्याचा आवाज येत होता. "तवरोक त्या तुमच्या साहेबांना सांगा, चौकशी चालू आहे."